पिसाला वरून काही लावू नका: घरच्या कॉकटेलची पिसं निरोगी ठेवताना

आमच्या बंड्याच्या, म्हणजे पाळीव कॉकटिएल पोपटाच्या, पंखाखाली आठ आण्याएवढं टक्कल दिसलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर खोबरेल तेल लावलं. आपल्याकडे केस गळले की तेल, टाचा फुटल्या की तेल, मग पक्ष्यानेच काय घोडं मारलंय? दोन तासांत तो भिजलेल्या बोळ्यासारखा दिसायला लागला. तीच जागा चोचीने पुन्हापुन्हा ओरबाडू लागला आणि रात्री कुडकुडत बसला. पिसाचे बारीक दात एकमेकांत अडकून जो कोरडा थर तयार होतो, त्याच्या आत धरलेल्या हवेवर पक्ष्याची ऊब टिकते. तेलाने सगळं चिकटून बसलं की ती ऊब गेलीच. हे मला पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि फारसं न रागावता सांगितलं हे त्यांचे उपकार.

पीस आपल्या केस-नखांसारखंच केराटिनचं असतं. उगवताना त्यात रक्त खेळतं, पण वाढ पूर्ण झाली की ते निर्जीव. मग ते बिघडलं तर दुरुस्त होत नाही, गळून त्या जागी नवं यावं लागतं. म्हणजे आज अंगावर दिसतंय ते पीस काही महिन्यांपूर्वीच्या खाण्याचं, झोपेचं आणि भीतीचं आहे. तुम्ही आज जे सुधाराल ते पुढच्या पिसांत दिसेल. हे एकदा डोक्यात बसलं की 'पिसं चमकवणारे' स्प्रे आणि थेंब विकत घ्यायचा मोह जातो.

कुठला पक्षी, ते आधी

मी कॉकटिएलबद्दल लिहितेय. बाजारात त्याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात आणि घरातही तेच नाव पडतं. छोट्या बजरीगरला आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणायची पद्धत आहे, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे आणि बजरीगर ऑस्ट्रेलियाचा, कॉकटेलचा गाववाला. खालचं बहुतेक सगळं या तिघांनाही लागू पडतं.

आपला देशी हिरवा पोपट मात्र यात नाही. कंठवाला असो, मोठा पहाडी असो की लालसर डोक्याचा, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे त्याला पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे. आजोळच्या ओसरीवर मिठू होता हे खरं, पण तो काळ गेला. घरात असा जुना पक्षी असेल तर खिडकीतून सोडून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर टिकत नाही. वनविभागाशी बोला. परदेशी पक्ष्यांतही आफ्रिकन ग्रे, मकाव, फिशर लव्हबर्ड अशा, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींची २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कॉकटेल आणि बजरीगर त्या यादीत नाहीत.

पायरी १: पडलेलं पीस उचलून बघा

पिंजरा झाडताना पिसं केरात टाकण्याआधी एखादं खिडकीपाशी नेऊन उजेडात धरा. नैसर्गिकरीत्या गळलेल्या पिसाचं देठ टोकाला निमुळतं आणि स्वच्छ असतं. देठ मध्येच तुटलंय, कडा कुरतडल्यासारख्या आहेत किंवा मुळाशी रक्त आहे, तर ते गळलेलं नाही, तोडलेलं आहे.

मग पीस आडवं धरून बघा. रुंदीभर बारीक रेषा दिसतात का, जणू कोणी ब्लेड हलकेच ओढलंय? हे पीस उगवत असताना पक्षी आजारी होता, उपाशी होता किंवा घाबरलेला होता. एखाद्या पिसावर अशी रेघ असली तर घाबरू नका, सगळ्यांवर असली तर विचार करा. बोटांनी पिसाची कड विस्कटा आणि मुळाकडून टोकाकडे हात फिरवा. चांगलं पीस झिपसारखं पुन्हा मिटतं.

आता पक्ष्याकडे बघा. पिसं बदलताना दोन्ही पंखांची साधारण जोडीने गळतात आणि अंगावर उघडे चट्टे पडत नाहीत. चट्टा दिसला तर तो कुठे आहे हे बघणं महत्त्वाचं, त्याकडे शेवटी येते. एक अपवाद आधीच सांगते: पिवळट-पांढऱ्या लुटिनो कॉकटेलच्या तुऱ्यामागे टक्कल असतं. ते जन्मजात आहे, त्यावर औषध नाही आणि लागतही नाही.

शेवटची गोष्ट वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा, त्यावर पक्ष्याला दांडीसकट उभं करा आणि दर रविवारी सकाळी, खाण्याआधी, वजन वहीत लिहा. प्रौढ कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचा असतो. फुगलेल्या पिसांखाली तो बारीक झाल्याचं डोळ्यांना कळत नाही, काट्याला कळतं. दहा टक्क्यांनी वजन उतरलं तर थांबू नका, डॉक्टरकडे जा.

पायरी २: वाटी बदला

बरीचशी दुखणी इथून सुरू होतात. दुकानातून पक्षी आणताना सोबत मिश्र बियांची पिशवी मिळते आणि 'हेच द्या' एवढाच सल्ला. तिच्यातलं कांगणी म्हणजे आपलं राळं, बाजरीही ठीक. पण पक्षी निवडून खातो तो सूर्यफूल, आणि सूर्यफूल म्हणजे पोपटाचा वडापाव. रोज तेच खाल्लं तर चरबी वाढते, यकृत थकतं आणि पिसांना लागतं ते मिळतच नाही. नुसत्या बियांमध्ये अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी असतं, आणि पीस घडवायला लागणारी काही अमिनो आम्लंही पुरेशी नसतात. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी कोरडी होते, कोंडा पडतो, तळपायाची नक्षी गुळगुळीत होते. पक्षी खाजवतो आणि आपण खोबरेलची बाटली काढतो.

आमच्याकडे आता असं चालतं. सकाळी एक मोठा चमचाभर भाजी, अगदी बारीक चिरून: किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, लाल ढोबळी मिरची, यातलं दोन-तीन. गडद केशरी आणि गडद हिरवं हे लक्षात ठेवलं की पुरे. पालक अधूनमधूनच, कारण त्यातली ऑक्झलेट कॅल्शियम अडवतात. भाजीवर मोड आलेले मूग किंवा मटकी. उन्हाळ्यात दोन तासांनी ही वाटी उचलायचीच, आंबट वास यायची वाट बघायची नाही. दिवसभर पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणारा दाण्यांसारखा खुराक. संध्याकाळी छोटा चमचाभर बिया, त्यात सूर्यफुलाचे चार-पाच दाणे, तेही हातावरून.

पेलेटवर एकदम उडी मारू नका. कॉकटेल इतका हट्टी की अनोळखी दाणा म्हणजे खाणंच नव्हे असं समजून उपाशी बसेल. बियांमध्ये आधी चिमूटभर चुरा, मग थोडा अधिक, असं महिना-दीड महिना चालवा आणि तेवढे दिवस वजन रोज करा.

तिखटाचं म्हणाल, तर मिरची पोपटाला झोंबत नाही. मिरचीतलं जे आपल्याला जाळतं ते पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि पिकलेल्या लाल मिरचीत अ जीवनसत्त्वाला लागणारं द्रव्यही असतं. तेव्हा जुन्या माणसांचं 'पेरू, मिरची आणि भिजवलेली डाळ' अगदीच चूक नव्हतं, फक्त तेवढंच पुरेसं नव्हतं.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं, मऊ बाजू पक्ष्याकडे करून जाळीला बांधायचं. आठवड्यातून एकदा कडक उकडलेल्या अंड्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब मी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालत नाही. पाणी लवकर खराब होतं, चव बदलली की पक्षी पितच नाही आणि अ व ड जीवनसत्त्व जास्त झालं तरी अपाय होतो.

अॅव्होकॅडो आणि चॉकलेट विष आहे, कांदा-लसूण आणि खारवलेले दाणे नकोत. आणि हो, चहात बुडवलेलं बिस्किट. आमच्याकडे पाहुण्यांना हे पटवायला मला वर्ष लागलं.

पायरी ३: अंघोळ, फक्त पाण्याने

कॉकटेलच्या अंगातून पांढरी पूड निघते. काळ्या टीव्हीवर दोन दिवसांत साय धरल्यासारखी दिसते ती हीच. काही खास पिसं झिजून ती तयार होते आणि पिसांना कोरडं, पाणीरोधक ठेवते. तिच्या जोडीला शेपटीच्या मुळाशी तेलाची छोटी ग्रंथी असते, पक्षी तिथे चोच घासतो आणि अंगभर फिरवतो. साबण आणि शाम्पू ही पूड आणि तेल दोन्ही धुऊन नेतात, गुलाबपाणीही नकोच.

आठवड्यातून दोन-तीनदा, सकाळी, कोमट किंवा साध्या पाण्याची बारीक फवारणी पुरते. बाटली नवी हवी, कीटकनाशकाची धुतलेली नको. थेट तोंडावर मारू नका. वर हवेत फवारा, पावसासारखं खाली पडू द्या. पंख पसरून, डोकं खाली घालून उलटा लटकला तर समजा आवडलंय. पळून गेला तर उथळ ताटलीत पाणी ठेवा, किंवा मेथीची जुडी धुऊन तशीच ओली पिंजऱ्यात टाका. बजरीगर त्या ओल्या पानांवर लोळतात, बघण्यासारखं असतं.

ऊन असेपर्यंत वाळला पाहिजे, म्हणून संध्याकाळी अंघोळ नाही. हेअर ड्रायर नको: काहींच्या आतल्या भागांना नॉनस्टिकसारखा थर असतो आणि तो तापला की निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारतो. याच कारणाने नॉनस्टिक तवा रिकामा तापत ठेवायचा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात फवारणी रोज चालेल, पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात ऊन असेल त्याच दिवशी.

पायरी ४: अंधार आणि ऊन

कॉकटेलला दहा ते बारा तास शांत, अंधारी झोप लागते. आपल्या घरांत पिंजरा हॉलमध्ये आणि हॉलमध्ये टीव्ही अकरापर्यंत. लांबलेल्या उजेडाने शरीराला वाटतं, वीण करायचे दिवस आले. मादी असेल तर ती नर नसतानाही अंडी घालत सुटते, आणि पिसांना जायचं ते कॅल्शियम-प्रथिन कवचात आणि बलकात जातं. म्हणून सातला पिंजरा आतल्या खोलीत, वरून सुती चादर. पिंजऱ्यात खोका, टोपली, कोनाडा काही नको, तिला तेही घरटंच वाटतं.

पण संपूर्ण काळोख नको. कॉकटेल रात्री अचानक घाबरतो. भिंतीवर पाल सरकली, गाडीचा झोत खिडकीतून फिरला की तो अंधारात जाळीवर आपटत सुटतो आणि नेमकी उगवती, रक्ताने भरलेली पिसं मोडतात. झिरोचा बल्ब लावून ठेवा. घाबरलाच तर दिवा लावा, हळू आवाजात बोला, हात घालू नका. दिवाळीचे चार दिवस पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत.

सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं, पण काचेआडून नाही. ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. पिंजरा गॅलरीत ठेवा, अर्धा सावलीत, आणि तुम्ही तिथेच बसा. कावळा, मांजर आणि घार यांना वेळापत्रक नसतं.

पायरी ५: पिंजरा आणि घरातली हवा

शेपटीची टोकं झाडूसारखी झालेला पक्षी दिसला तर आधी पिंजरा मोजा. एका कॉकटेलला कमीत कमी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच जागा हवी आणि रोज तास-दोन तास बाहेर, पंखा बंद करून. गोल पिंजरे दिसायला छान, राहायला वाईट. दांडी प्लास्टिकची एकसारखी नको. पेरूची किंवा कडुनिंबाची, औषध न मारलेली फांदी आणा, उकळतं पाणी ओता, उन्हात वाळवा. कण्हेरीची फांदी चुकूनही नाही, ती विषारी आहे.

मच्छर अगरबत्ती, लिक्विडची मशीन, धूप, फिनेलचा भपकारा यांपासून पिंजरा लांब. मच्छरांसाठी पिंजऱ्यावर मच्छरदाणी टाका, सोपं आहे. घरात कोणी तंबाखू मळत असेल किंवा सिगरेट ओढत असेल तर पक्षी हातावर घेण्याआधी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. बोटांवरचं निकोटिन पक्ष्याच्या पायाला आणि पिसांना लागतं, कातडी चुरचुरते आणि तो पिसं उपटायला लागतो.

माइट्ससाठी, म्हणजे पिसांत-कातडीत होणाऱ्या बारीक किड्यांसाठी, पिंजऱ्याला डांबरगोळ्या बांधलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्यात. तसं करू नका. घरात एकट्या राहणाऱ्या पक्ष्याला माइट्स होतात त्यापेक्षा आपण संशय फार घेतो, आणि डांबरगोळीची वाफ पक्ष्याला विषारी. बजरीगरच्या चोचीच्या मुळाशी खरखरीत, मधाच्या पोळ्यासारखा थर आला तर तो खरंच माइट्सचा आजार असतो. त्यावर औषध आहे, पण मात्रा इतकी सूक्ष्म की ती डॉक्टरांनीच द्यायची.

पायरी ६: पिसं टाकायचे आठवडे

पहिली पिसं कॉकटेल साधारण सहा महिन्यांचा झाला की बदलतो, नंतर वर्षातून एक-दोनदा. सहा-आठ आठवडे घर पिसांनी भरतं आणि पक्षी चिडका होतो. चूक त्याची नाही. अंगभर सुया फुटल्यासारखे कोंब येत असतात, दाबले की दुखतात. या दिवसांत अंडं आठवड्यातून दोनदा, मोडाचं कडधान्य रोज, अंघोळ एखादी जास्त, झोप तासभर जास्त, लाड मात्र त्याने मागितले तरच.

डोक्यावरच्या कोंबांना त्याची चोच पोहोचत नाही. जोडीदार असेल तर तो साफ करतो, नसेल तर तुम्ही. त्याने मान वाकवून डोकं पुढे केलं की पांढरे, कोरडे झालेले कोंब नखाने हलके चुरडा, वेष्टण पावडर होऊन पडतं. मुळाशी निळसर-काळं दिसतंय तिथे हात लावू नका, त्यात अजून रक्त आहे.

असं रक्ताचं पीस मोडलं तर पक्षी रुमालात सैल गुंडाळा, तुटक्या जागी कॉर्नफ्लॉवर लावा आणि स्वच्छ कापडाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा. छातीवर दाब नको, त्याचा श्वास छातीच्या हालचालीवर चालतो. पीस स्वतः उपटू नका. नव्वद ग्रॅमच्या पक्ष्यात सगळं मिळून नऊ मिलीच्या आसपास रक्त असतं, दोन चहाचे चमचेही नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रिक्षा करा.

पंख कापण्याबद्दल: मी कापत नाही. दुकानात एकाच बाजूचा पंख कापून देतात, पक्षी तिरका पडतो, छाती आपटतो. कापलेली टोकं कुशीला टोचतात, त्यातून उपटणं सुरू होतं. शिवाय नवा कोंब येतो तेव्हा त्याला आधार द्यायला शेजारी लांब पिसं नसतात, तो मोडतो. कापलेलं पीस पुढच्या बदलापर्यंत तसंच राहतं.

टक्कल कुठे आहे?

आता ते चट्ट्याचं. छाती, पंखाखाली, पाय उघडे आणि डोकं मात्र भरलेलं, तर पक्षी स्वतःच उपटतोय, कारण डोक्यापर्यंत चोच जातच नाही. डोकंही उघडं असेल तर जोडीदाराचं काम आहे किंवा आजार.

स्वतः उपटणाऱ्याला लगेच 'कंटाळलाय' म्हणू नका. आधी तपासणी. कॉकटेलमध्ये जिआर्डिया नावाचा पोटातला परजीवी खाज आणतो, विष्ठेच्या तपासणीत सापडू शकतो. यकृताचे विकार, कातडीचा संसर्ग हेही असतं. नव्या पक्ष्यासोबत विषाणूही घरात येतात. त्यांतल्या एकाने होणारा पीबीएफडी हा आजार पिसं आणि चोच दोन्ही बिघडवतो आणि त्यावर नेमका उपाय नाही. म्हणून नवा पक्षी किमान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत. 'एकटा आहे म्हणून उपटतो' असं ठरवून दुसरा आणणं हा उपाय नव्हे.

तपासणीत काही निघालं नाही तर मग रिकामा वेळ भरा. जंगलात त्याचा बराचसा दिवस दाणा शोधण्यात जातो, आपल्याकडे तो पाच मिनिटांत वाटी संपवतो. पानांचा द्रोण आणा (चंदेरी कागदाचा नव्हे), त्यात बिया घालून वरून दुसरा द्रोण उपडा बांधा. मक्याच्या कणसाच्या सालात दाणे लपवा. बंड्या एक द्रोण फाडायला पाऊण तास घेतो. आणि तो पीस ओढताना दिसला की 'अरे अरे' करत धावू नका. त्याला एवढंच कळतं की पीस ओढलं की तुम्ही येता.

डॉक्टरकडे जाताना

कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, पक्ष्यांचे हाताच्या बोटांवर. गरज पडायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही चौकशी करता येते. सोबत वजनाची वही, आठवडाभरातली गळलेली पिसं पाकिटात, वाटीचा आणि पिंजऱ्याचा फोटो न्या. त्या दिवशी पिंजऱ्याच्या तळाचा कागद बदलू नका, तसाच जाऊ द्या. आणि आदल्या रात्री पिसाला काही लावलं असेल तर लाजू नका, सांगून टाका. नाहीतर पहिली पाच मिनिटं त्या चिकट पिसांचं कोडं सोडवण्यात जातात.